आधी प्रश्न, मग पडदा: वर्गातल्या तंत्रज्ञानाविषयी मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मराठी माध्यमाच्या एका शाळेत मी बावीस वर्षे पाचवी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले दत्तवाडी, दांडेकर पूल, जनता वसाहत या भागांतून चालत येतात. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरी स्वयंपाकाला जाते. डी.एड.ची मुलेमुली पाठ घ्यायला येतात, दुसऱ्या शाळांतले शिक्षक भेटतात, पालकसभा संपल्यावर पालक थांबतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरे एकदा सविस्तर लिहून काढली. काही प्रश्नांवर मला पुष्कळ सांगायचे आहे, काहींना दोन ओळी पुरतात.

तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकवणे म्हणजे तुमच्या मते काय?

कोणतेही साधन हातात घेण्याआधी मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. याने मुलाच्या मनात काय चालले आहे ते मला कळेल का? किंवा वर्गात बसून जे दिसूच शकत नाही ते मुलाला दिसेल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर खडू बरा. फळ्यावर पाच मिनिटांत काढता येते अशा आकृतीची स्लाइड करण्यात रविवार घालवणे मी केव्हाच सोडले. आकृती माझ्या हातून रेघेरेघेने उमटताना मुले पाहतात, तेव्हा कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर हेही त्यांना समजते. तयार चित्रात ते हरवते.

आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड नाही, प्रोजेक्टर बंद पडलेला आहे. सुरुवात कशाने करू?

तुमच्या स्वतःच्या फोनमधल्या रेकॉर्डरने. फोन टेबलावर ठेवा, तासाची पंधरा मिनिटे रेकॉर्ड करा आणि घरी जाताना ऐका. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा पीएमपीच्या बसमध्ये बसून ऐकत होते. पंधरा मिनिटांत मी अकरा प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या आठांची उत्तरे मीच देऊन टाकली होती. एका ठिकाणी मागच्या बाकावरून कुणीतरी “बाई, पण...” म्हणाले होते. वर्गात ते मला ऐकूच आले नव्हते. त्या ‘पण’च्या पुढे काय होते, हे मला अजून कळलेले नाही.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि पुढे जातात, असे तिला आढळले. तोच अवकाश तीन सेकंद किंवा त्याहून जास्त झाला की उत्तरे लांब होतात, जास्त मुले बोलतात, एरवी गप्प राहणारीही बोलू लागतात. तेव्हापासून मी प्रश्न विचारला की मनात एक ते पाच आकडे मोजते. पहिल्या आठवड्यात ती शांतता फार जड जाते, पण धीर धरा. माझ्या शिकवण्यात सर्वांत मोठा फरक या एका गोष्टीने पडला, आणि त्यासाठी फोनपलीकडे काही लागले नाही.

दुसरे साधनही त्याच फोनमध्ये आहे, कॅमेरा. झूम करून जास्वंदीचे पुंकेसर दाखवा, उसळणाऱ्या चेंडूचा स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक उसळीला उंची किती कमी होते ते मुलांना भिंतीवरच्या खुणांवरून मोजू द्या. फोन लहान असतो, म्हणून सहा-सहांचे गट करून फिरवा.

व्हिडिओ लावला की मुले शांत बसतात, पण दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. असे का होते?

कारण पाहताना त्यांना काही करावे लागलेले नसते. शांत वर्ग पाहून आपल्याला बरे वाटते, पण त्या शांततेत कोण विचार करते आहे आणि कोण नुसते पाहते आहे हे ओळखायला काही खूण नसते.

एक अनुभव सांगते. सातवीला प्रतिरोध पर्जन्य शिकवायचे होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यात जेमतेम सातशेच्या आसपास. अंतर तर फक्त घाट चढून जाण्याइतके. माझ्याकडे छान ॲनिमेशन होते, ढग डोंगर चढतात, पाऊस पडतो, पलीकडे कोरडे. त्या वर्षी मी ते लावण्याआधी वहीत एकच गोष्ट करायला सांगितली: पुण्यात पाऊस कमी का, याचे चित्र काढा आणि खाली दोन ओळी लिहा. वह्या पाहत फिरले तर जवळपास निम्म्या वर्गाने एकच लिहिले होते. सह्याद्रीची सावली पुण्यावर पडते, सावलीत ऊन कमी, म्हणून पाणी तापत नाही, वाफ होत नाही, ढग होत नाहीत. एका मुलाने तर सावली कुठपर्यंत येते तेही दाखवले होते, कात्रजपर्यंत.

आम्ही ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द वर्षानुवर्षे वापरतो, आणि मुलांनी ‘छाया’ शब्द जसाच्या तसा घेतला होता. त्यांचा तर्क पायरीपायरीने बरोबर होता, फक्त पहिली पायरी चुकली होती. ॲनिमेशनमध्येही तोच शब्द दोनदा येत होता, म्हणजे ते पाहून त्यांचा गैरसमज आणखी पक्का झाला असता. मग मी आवाज बंद करून क्लिप लावली, तीन ठिकाणी थांबवली आणि निवेदन मुलांकडूनच करून घेतले. हवा वर गेल्यावर थंड होते, बाष्पाचे पाणी होते, ते घाटमाथ्यावरच पडून जाते, उरलेली हवा खाली उतरताना तापते. हे सगळे मुले आपल्या शब्दांत बोलली. कात्रजपर्यंत सावली काढणारा मुलगा शेवटी म्हणाला, “बाई, मग याला सावली का म्हणतात? पाऊस आडवलाय ना डोंगरानं.” आमच्या वर्गात तेव्हापासून ‘आडवलेला पाऊस’ हाच शब्द आहे. परीक्षेत पुस्तकातला लिहायचा, हे त्यांना ठाऊक असते.

तेव्हा व्हिडिओ दाखवण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, मध्ये थांबवा, शक्य तिथे आवाज बंद ठेवा. तीन मिनिटांच्या क्लिपला अख्खा तास लागला तर लागू द्या.

एखादा संपूर्ण उपक्रम सुरुवातीपासून सांगाल का?

सावलीचा सांगते, कारण तो मला सर्वांत प्रिय आहे आणि त्यात तंत्रज्ञान कुठे लागते, कुठे लागत नाही, हे स्पष्ट दिसते.

सुरुवात एका प्रश्नाने होते. दुपारी बारा वाजता सावली कशी असते? वर्ग एका सुरात सांगतो, “नाहीशी होते.” पाहुण्या शिक्षकांना विचारले तरी बहुतेक जण हेच म्हणतात. मग वाळूने भरलेल्या बादलीत एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि मैदानात साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून लांबी मोजायची. हे काम पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते.

पहिल्याच दिवशी दोन धक्के बसतात. सावली नाहीशी होतच नाही. आणि ती सर्वांत लहान होते तीही बाराला होत नाही, सव्वाबारा-साडेबाराला होते. इथे मी नकाशा उघडते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे, पुणे ७३.९ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे. गुणाकार मुले स्वतः करतात आणि चौतीस मिनिटे येतात. पुण्याची खरी दुपार घड्याळाच्या मागून का येते, हे त्या क्षणी कळते. रेखावृत्तांचा धडा त्याआधी त्यांनी पाठ केलेला असतो, पण आता तो त्यांच्या पायाखालच्या मैदानात असतो.

महिन्यातून एकदा आम्ही हेच मोजतो. आकडे शाळेच्या एका जुन्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये मुलेच भरतात आणि आलेख काढतात. डिसेंबरच्या शेवटी एक मीटर काठीची भरदुपारची सावलीही नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असते, हे पाहून त्यांना नवल वाटते. पण खरी गंमत फेब्रुवारीत झाली. एक मुलगी आलेख पाहता पाहता म्हणाली, “बाई, नोव्हेंबरात सावली बारा वाजून अठरा मिनिटांना सगळ्यात लहान होती, आता पाऊण वाजलाय. घड्याळ चुकतंय की सूर्य?” हे मी सांगितले नव्हते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्याची दुपार वर्षभरात मागेपुढे सरकते. पुस्तकात सातवीला हे नाही. आलेख नसता तर हा प्रश्न निघाला नसता, आणि आकडे स्वतः मोजलेले नसते तर तो इतक्या जोराने विचारला गेला नसता.

आता पडद्याची पाळी. पुण्यात काठीची सावली खरोखर नाहीशी होण्याचे दिवस वर्षात दोनच, १३ मेच्या आसपास आणि ३० जुलैच्या आसपास. मेमध्ये सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले. म्हणून एप्रिलमध्ये आम्ही स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर प्रोजेक्टरवर उघडतो, ठिकाण पुणे घालतो आणि तारीख एकेक दिवस पुढे सरकवतो. सूर्य मध्यान्हीला रोज थोडा वर चढतो, १३ मेच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि मग उत्तरेकडे कलतो. म्हणजे जूनमध्ये पुण्याची दुपारची सावली दक्षिणेला पडते. मुलांना हे खोटे वाटते. मग मेच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर फोटो येऊ लागतात. गच्चीवर उभा केलेला स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, आजोबांची काठी, आणि खाली सावलीच नाही. कोल्हापूरला मामाकडे गेलेल्या मुलाला तो दिवस मेच्या पहिल्या आठवड्यातच सापडतो, नागपूरला गेलेल्यांना महिनाअखेर. “दिल्लीला कधी?” याचे उत्तर ‘कधीच नाही’ हे त्यांनी पृथ्वीगोल हातात घेऊन शोधून काढले.

वर्षभरातले नऊ तास या उपक्रमाला जातात. त्यातले पडद्यासमोर दोन.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा उपयोग होतो का?

होतो, पण तयारी करून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकांत कोड आहेत, २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर साहित्य आहे, ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. आदल्या दिवशी घरी सगळे पाहून घ्या, हवे ते उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. आमच्या शाळेत नेट सकाळी मिळते आणि मधल्या सुट्टीनंतर मिळत नाही, त्यामुळे वर्गात उभे राहून लोड होण्याची वाट पाहणे परवडत नाही. आणि साहित्यातला जो भाग तुमच्या मुलांना लागत नाही, तो निःसंकोच गाळा.

पटावर अठ्ठेचाळीस मुले आहेत. प्रत्येकाला समजले की नाही, हे कसे कळणार?

“समजले का?” असे विचारू नका. सगळे हो म्हणतात.

असा प्रश्न निवडा ज्याच्या चुकीच्या पर्यायांतही काहीतरी पटण्यासारखे असेल. माझा आवडता: डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता बाकाचा लोखंडी पाय आणि बाकाची लाकडी फळी, कशाचे तापमान कमी? ‘प्लिकर्स’ नावाचे ॲप आहे. प्रत्येक मुलाच्या हातात छापलेले एक कार्ड, ते चार बाजूंनी फिरवून चार पर्याय दाखवायचे, शिक्षकाच्या एका फोनने वर्गावरून कॅमेरा फिरवला की कुणी काय निवडले ते दिसते. मुलांकडे फोन लागत नाही. या प्रश्नाला दर वर्षी दोन तृतीयांशांहून जास्त मुले ‘लोखंड’ म्हणतात.

उत्तर मी सांगत नाही. शेजाऱ्याशी तीन मिनिटे बोला आणि पुन्हा कार्ड दाखवा, असे म्हणते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत रुजवली. एकाच गोष्टीवर नुकतेच अडलेले मूल दुसऱ्या अडलेल्याला माझ्यापेक्षा चांगले समजावते, हे मी रोज पाहते. मग तापमापक दोन्हींना चिकटवून ठेवतो. दोन्हीकडे तोच आकडा. लोखंड हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेते म्हणून गार लागते, हे मग एखादे मूलच बोलते.

ॲप नसेल तर पाटी घ्या. खरे सांगायचे तर मी आता बहुतेक वेळा पाटीच वापरते. प्रत्येकाने लिहायचे, तीन म्हटले की एकदम वर धरायची. चुकीचे पुसले जाते, त्यामुळे मुले वहीपेक्षा पाटीवर धीटपणे लिहितात. कार्डावर फक्त पर्याय दिसतो, पाटीवर आकृतीसुद्धा दिसते. ॲपचा फायदा एवढाच की नोंद राहते आणि संध्याकाळी निवांत पाहता येते.

प्रयोगशाळा नाही. संगणकावरचे प्रयोग चालतील का?

आधी हाताने, मग संगणकावर. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठातून सुरू केलेला ‘फेट’ (PhET) हा संगणकावरच्या प्रयोगांचा संग्रह मोफत आहे, त्यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचा फेटमधला संच अप्रतिम आहे. तारेतून कण सरकताना दिसतात, पहिल्याच्या पाठोपाठ त्याच वाटेवर दुसरा बल्ब जोडला की त्यांचा वेग कमी झालेला दिसतो. खऱ्या तारेत हे कुणालाच दिसत नाही.

पण संगणकावर सेल संपत नाही, तार सैल होत नाही, बल्बचा होल्डर गंजत नाही. आमच्या मुलांना आधी एक सेल, एक तार आणि टॉर्चचा बल्ब देऊन सोडून द्यावे. तार एकच असल्याने वीस मिनिटे झटापट होते. बल्बला दोन टोके आहेत, एक तळाशी आणि एक बाजूच्या धातूला, हे ज्या मुलीला स्वतःच्या बोटांनी सापडते तिला परिपथ ‘बंद’ असावा लागतो म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तिने फेट उघडले की ती त्याला प्रश्न विचारते. उलट क्रमाने केले तेव्हा मुलांनी फेटमध्ये फक्त तारा पेटवून पाहिल्या.

साहित्यासाठी पैसे नाहीत असे म्हणणाऱ्यांनी अरविंद गुप्तांची खेळणी पाहावीत. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे काम केले. स्ट्रॉ, काडेपेटी, सायकलची ट्यूब यांतून केलेल्या त्यांच्या खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत. तो व्हिडिओ शिक्षकाने पाहावा आणि वर्गात मुलांच्या हातात खेळणे द्यावे.

हे सगळे विज्ञानाला ठीक आहे. मराठी आणि इतिहासाला काय?

आमच्या इतिहासाच्या बाईंनी आणि मी मिळून आठवीबरोबर पानशेतच्या पुरावर काम केले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि मुठेचे पाणी शनिवार, नारायण पेठेसारख्या नदीकाठच्या वस्तीत शिरले. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आमच्या वर्गातल्या काही मुलांची घरे त्या दिवसामुळेच आज जिथे आहेत तिथे आहेत, आणि त्यांना ते माहीत नव्हते.

काम असे दिले: घरात किंवा शेजारी पंचाहत्तरीच्या पुढचे कुणी असेल तर त्यांची परवानगी घेऊन फोनवर दहा मिनिटे रेकॉर्डिंग करायचे. प्रश्न मुलांनी वर्गात तयार केले. पहिली यादी ‘पूर कधी आला? किती नुकसान झाले?’ अशी होती. आम्ही ती परत करून सांगितले, पुस्तकात ज्याचे उत्तर नाही असे विचारा. दुसऱ्या यादीत आले: पळताना हातात काय घेतले? त्या रात्री जेवायला काय होते? घरात परत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसले?

एका आजींनी सांगितले की त्यांच्या आईने चुलीवरची भाकरी उचलली आणि तान्ह्या भावाला शेजारणीने उचलले. वर्गात हे ऐकताना कुणी हलले नाही. मग खरे इतिहासाचे काम सुरू झाले, कारण दोन आठवणी जुळेनात. एकाच वाड्यात पाणी कुठवर चढले, याची दोन उत्तरे आली. कुणाचे धरायचे, का धरायचे, तिसरा पुरावा कुठे मिळेल? मुले नदीकाठी जाऊन जुन्या इमारतींत विचारून आली.

मराठीच्या तासाला तेच रेकॉर्डिंग उतरवून काढले. फोनच्या आवाजी टंकलेखनाला आजींचे “आमी पळालो, मागं बघितलंबी न्हाई” जमले नाही. मुलांनी ते अक्षर अक्षर दुरुस्त केले आणि त्यावरून एक मोठी चर्चा झाली: आजी बोलल्या तसेच लिहायचे की प्रमाण मराठीत? वर्गाने मतदान करून आजींचेच शब्द ठेवले. लेखननियमांचा इतका जिवंत तास मी दुसरा पाहिला नाही.

घरचा अभ्यास फोनवर द्यावा का?

मी देत नाही. मार्च २०२० नंतरच्या त्या दीड-दोन वर्षांत मी ज्या मुलांना ‘गैरहजर’ धरले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी फोन एकच होता आणि तो वडिलांबरोबर रात्री नऊला घरी येत होता. एक मुलगी रात्री दहा वाजता भावंडे झोपल्यावर जिन्यात बसून माझे व्हिडिओ पाहत होती, हे मला शाळा उघडल्यावर कळले. ते लवकर विचारायला हवे होते. आता ज्याला फोन लागतो ते काम शाळेत, आणि घरी न्यायचे ते वहीत, डोळ्यांनी पाहण्याचे किंवा माणसांना विचारण्याचे. पानशेतसारख्या कामाला फोन नसलेल्या मुलांना आम्ही शाळेतला एक टॅब आळीपाळीने दिला.

मुले एआयकडून निबंध लिहून आणतात. काय करायचे?

पहिल्यांदा सहा वह्यांत ‘पावसाळ्यातील एक दिवस’चे पहिले वाक्य जवळपास एकसारखे आले, तेव्हा मी रागावले नाही. चूक विषयात होती. ज्याचे उत्तर कुणीही लिहू शकते तो विषय यंत्रही लिहू शकते. आता मी विचारते, ‘काल संध्याकाळी पावसात तुझ्या गल्लीत पाणी कुठे तुंबले आणि लोक कुठून वाट काढत होते?’ लिहायला वर्गातच वीस मिनिटे देते.

अनेक एआय साधनांच्या अटींनुसार तेरा वर्षांखालील मुलांना ती वापरता येत नाहीत, म्हणून मुलांच्या हाती मी ती देत नाही. मात्र माझ्या लॅपटॉपवरून वर्गासमोर वापरते. सिंहगडाच्या सहलीनंतर एआयकडून गडाची माहिती मागवली, छापून गटांना वाटली आणि सांगितले की यात चुका असतील, शोधा. गडाला लागून नदी वाहते असे त्यात होते. मुले दोन दिवसांपूर्वीच तिथून परतलेली. त्यांनी ते तर पकडलेच, शिवाय हिंदी वळणाची चार वाक्ये खोडून आपल्या मराठीत लिहिली. छापलेले सगळे खरे असते, हा समज मोडायला हा तास फार उपयोगी पडला.

स्वतःसाठी मी एआयचा उपयोग एका कामाला करते: एकाच घटकावर सोपे, मध्यम आणि अवघड असे प्रश्नसंच तयार करायला. प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेत नाही. मुलांची नावे, गुण, घरची माहिती त्यात कधीही घालू नका.

यात अभ्यासक्रम पूर्ण होतो का? शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे काय?

होतो, पण काहीतरी सोडावे लागते आणि मी काय सोडले ते स्पष्ट सांगते. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहून देणे सोडले. आठवड्याचे जवळपास दोन तास त्यात जात. सुरुवातीला पालक नाराज झाले, कारण भरलेली वही हाच त्यांच्यासाठी शिकल्याचा पुरावा होता. त्यात त्यांची चूक नाही, आम्हीच त्यांना तशी सवय लावली. मी पालकसभेत त्यांच्या मुलांना पुढे उभे करून सावलीचा आलेख समजावून सांगायला लावले. त्यानंतर वहीबद्दल कुणी विचारले नाही.

प्रत्येक धडा असा शिकवता येत नाही. वर्षात चार-पाच घटक खोल न्यायचे, बाकीचे नेहमीसारखे आणि वेगात.

गणिताला काय वापरता? आणि निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या शिक्षकाला हे जमेल का?

दोन्हींचे उत्तर आमच्या गणिताच्या बाई आहेत. त्या जिओजिब्रा हे भूमितीच्या आकृत्या हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिकल्या. आधी मुलांकडून कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेत लावून घेत, मग पडद्यावर शिरोबिंदू ओढत आणि विचारत, “आता बेरीज बदलेल?” बटणे त्यांना मीच दाखवली. मुले नेमकी कुठे अडतात ते मात्र त्यांना आधीपासून माहीत होते, म्हणून कुठे थांबायचे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळे.

कमी दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी?

इथे तंत्रज्ञानाला मी दोन्ही हातांनी नमस्कार करते. दृष्टी अधू असलेली एक मुलगी सहावीपर्यंत शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, म्हणजे नेहमी एक ओळ मागे. तिला टॅब दिला, फळ्याचा फोटो काढून तो मोठा करून पाहायला शिकवले. पंधरा दिवसांत ती हात वर करू लागली. धडे मी आवाजात रेकॉर्ड करून ठेवले, आणि ते वाचनात मागे पडणाऱ्या इतर मुलांनीही मागून नेले. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी व्हिडिओतले मुख्य मुद्दे आधी कागदावर द्या आणि बोलताना फळ्याकडे तोंड करू नका.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ सोशल मीडियावर टाकता का?

नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि पालकांच्या संमतीची अट आहे. कायदा नसता तरी टाकले नसते. काठीचा, आलेखाचा, हातांचा फोटो पुरतो.

ऐन तासाला वीज गेली तर?

मैदानात जा किंवा पाट्या काढा. ज्या तासाला वीज नसताना करण्यासारखे काहीच नाही, त्या तासाचे पाठटाचण पुन्हा लिहा.

तुमच्या वर्गात येऊन तास पाहता येईल का?

जरूर या. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि सावली पाहायची असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सव्वाअकराला पोहोचा. एकच विनंती आहे. माझ्या बाजूला उभे राहू नका. मागच्या बाकावर एका मुलाशेजारी बसा आणि पूर्ण तास ते मूल काय करते, कधी लिहिते, कधी खिडकीबाहेर पाहते, शेजाऱ्याला हळूच काय विचारते, ते टिपून ठेवा. तास संपल्यावर तो कागद मला द्या. मला तिथून ते दिसत नाही.